ब्लिट्झमध्ये रेटिंग अडकलंय? आधी घड्याळ वाचायला शिकूया

पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना झालेले "अं" आणि "म्हणजे" काढून टाकलेत, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय. ट्रेनमध्ये हेडफोन विसरलेल्यांची सोय, दुसरं काय!

विषय आहे ऑनलाइन बुद्धिबळ, आणि त्यातही वेगवान. तीन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटंवालं. या विषयावर येणाऱ्या प्रश्नांचा सूर साधारण सारखाच असतो. "वय अठ्ठावीस-तीस. नोकरी आहे. रोज रात्री तासभर खेळतो. दोन वर्षं झाली, रेटिंग ११००-११५० च्या आसपास अडकलंय. माझ्यात ते नाहीच का? सोडून देऊ का?"

मी काही मास्टर वगैरे नाही. इंजिनिअर आहे, दिवसभर कोड लिहितो, रात्री खेळतो. पण एखादी गोष्ट अडकली की लॉग उघडून बघायचे ही सवय कामामुळे लागलेली आहे, आणि तीच सवय इथे लावता येते. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: वेगवान बुद्धिबळ वेगानं विचार करून सुधारत नाही. ज्या गोष्टींचा विचार करावाच लागत नाही, त्या वाढवल्या की ते सुधारतं. आता हे सविस्तर बघूया.

आधी शब्द नीट समजून घेऊ

फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना. तिच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर तो ब्लिट्झ. १० मिनिटांपेक्षा जास्त पण ६० पेक्षा कमी असेल तर रॅपिड. ऑनलाइन मात्र हिशोब थोडा वेगळा. चेस डॉट कॉम आणि लिचेस, दोन्हीकडे दहा मिनिटांचा डाव रॅपिडमध्ये मोजतात. एक-दोन मिनिटांचं बुलेट वेगळं.

"तीन अधिक दोन" असं लिहिलेलं असतं त्यातले दोन म्हणजे इन्क्रिमेंट. प्रत्येक चालीनंतर घड्याळात दोन सेकंद वाढतात. हे दोन सेकंद दिसायला किरकोळ, पण हिशोब करून बघा. डाव ४० चालींचा धरला तर नुसत्या तीन मिनिटांत एका चालीला सरासरी साडेचार सेकंद मिळतात. तीन अधिक दोनमध्ये साडेसहा. दहा मिनिटांच्या डावात पंधरा. म्हणजे तीन मिनिटांवरून दहावर गेलात की एका चालीला तिपटीहून जास्त वेळ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून एक. चेस डॉट कॉमचं रेटिंग आणि लिचेसचं रेटिंग यांची तुलना करू नका. खेळणारी माणसं वेगळी, मोजायची पद्धत वेगळी. मित्र म्हणाला "मी पंधराशे आहे", तर आधी विचारा, कुठे आणि कशात?

जलद खेळणाऱ्याच्या डोक्यात चालतं काय?

आपल्याला वाटतं की चांगला खेळाडू आपल्यापेक्षा भराभर विचार करतो. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. (हो, संशोधकाचं आडनावच चेस!) एक मास्टर, एक बऱ्यापैकी हौशी खेळाडू आणि एक नवशिका. तिघांना खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग झाकायची आणि आठवणीतून पट मांडायला सांगायचा. मास्टर अर्थातच खूप पुढे. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या, तेव्हा मास्टरचा तो फायदा जवळजवळ नाहीसा झाला.

म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही अचाट नव्हती. तो पंचवीस सोंगट्या बघतच नव्हता. तो पाच-सहा ओळखीचे पुंजके बघत होता. "हा कॅसलिंग केलेला राजा, ही त्याच्या पुढची तीन प्यादी, हा तिथे रोखलेला उंट." आपण मराठी वाचताना अक्षरं जुळवत बसत नाही, शब्द दिसतो. तसंच.

प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर हे कॅशिंग आहे. उत्तर आधीच साठवलेलं असेल तर गणित करावं लागत नाही. साडेचार सेकंदांत कुणीच फार गणित करू शकत नाही. त्या वेळात फक्त साठवलेलं बाहेर येतं. मग दोन वर्षं रोज रात्री तीन मिनिटांचे डाव खेळून रेटिंग का हलत नाही, याचं उत्तर इथेच आहे. आपण रोज साठा वापरतोय, त्यात भर घालत नाही. वर, चुकीची चाल पुन्हा पुन्हा खेळली की तीसुद्धा साठवली जाते!

आणि घड्याळ? बातुमीत काय झालं आठवा

घड्याळाचा त्रास फक्त आपल्यासारख्यांना होतो असं वाटत असेल तर जुलै २०२५ आठवा. जॉर्जियातल्या बातुमीमध्ये महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. एका बाजूला आपल्या नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला कोनेरू हंपी. क्लासिकल प्रकारातले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला टायब्रेक: रॅपिड, प्रत्येकी १५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या. डाव लांबला, वेळ संपत आला, त्या ताणाखाली हंपीच्या हातून चुका झाल्या आणि दिव्या जिंकली. विश्वचषकही मिळाला आणि ग्रँडमास्टर किताबही.

आता यातली गंमत बघा. हंपी ही २०१९ आणि २०२४ ची जागतिक महिला रॅपिड विजेती. म्हणजे वेगवान बुद्धिबळातली जगातली सर्वोत्तमांपैकी एक. तिच्याही डोक्यावर घड्याळ बसतं. मग रात्री साडेअकराला, दिवसभराच्या मीटिंगनंतर, आपल्या हातून वजीर फुकट गेला तर त्यात "माझ्यात ते नाहीच" असं काही सिद्ध होत नाही.

रेटिंग किती गांभीर्यानं घ्यायचं?

एक छोटं गणित. समजा तुमची खरी ताकद अजिबात बदललेली नाही. प्रतिस्पर्धी बरोबरीचे. प्रत्येक डाव म्हणजे छापा-काटा. जिंकलात तर आठ गुण वर, हरलात तर आठ खाली. अशा ३० डावांनंतर रेटिंग कुठे असेल? मूळ जागेपासून साधारण ४४ गुण वर किंवा खाली असणं अगदी सामान्य आहे. आठला तीसच्या वर्गमुळानं गुणा, झालं.

दुसरं. असेच ५० डाव खेळलात तर त्यात कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता किती? सुमारे ५५ टक्के. निव्वळ नशिबानं! म्हणजे "आज पाच सलग हरलो, मी खराब होत चाललोय" हा निष्कर्ष बहुतेक वेळा हवेतला असतो. आणि "आठवड्यात चाळीस गुण वाढले, नवीन ओपनिंग जमलं" हाही.

म्हणून मी रेटिंग रोज बघू नका म्हणतो. महिन्यातून एकदा बघा. रोज बघायची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे आता येतो.

लालबागच्या मित्राचे साठ डाव

माझा एक मित्र लालबागला राहतो. त्याला बुद्धिबळ वडिलांनी शिकवलं, चाळीच्या गॅलरीत बसून. वडील आता नाहीत. त्यामुळे हा खेळ त्याच्यासाठी नुसता टाइमपास नाही. पण मागच्या वर्षी तो वैतागला होता. झोप कमी, चिडचिड जास्त, घरात बोलणी. अ‍ॅप तीनदा काढून टाकलं आणि तीनदा परत टाकलं. मला म्हणाला, "बाबांनी शिकवलेली गोष्ट मला आवडेनाशी व्हायला लागलीय यार." हे वाक्य ऐकून मी म्हटलं, थांब, सोडायच्या आधी लॉग बघू.

त्याच्या परवानगीनं हे सांगतोय. दोन्ही साइट्सवरून आपले डाव डाउनलोड करता येतात, आणि त्यात प्रत्येक चालीला घड्याळात किती वेळ उरला होता तेही नोंदलेलं असतं. आम्ही त्याचे हरलेले साठ डाव घेतले आणि प्रत्येकासमोर एकच ओळ लिहिली. डाव कुठे फिरला? तेव्हा घड्याळात किती वेळ होता? त्या चालीला किती सेकंद लावले? आणि प्रकार कोणता: सोंगटी फुकट गेली, दोन चालींचा डावपेच दिसला नाही, की नुसता वेळ संपला?

त्याची खात्री होती की तो वेळेमुळे हरतो. शीट काहीतरी वेगळंच सांगत होतं. सर्वात मोठा ढीग फुकट गेलेल्या सोंगट्यांचा, आणि त्यातल्या बहुतेक वेळी घड्याळात निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक होता! चाल मात्र दोन-तीन सेकंदांत खेळलेली. वेळ होता, तो वापरला नव्हता. आणि जे डाव खरोखर वेळेवर गेले, त्यातले बरेचसे जिंकत आलेल्या एंडगेमचे होते. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, आणि मात कशी करायची तेच आठवेना.

म्हणजे दुखणी दोन, औषधंही दोन. अ‍ॅप काढून टाकणं हे त्यातलं एकही नाही.

तुमचं शीट वेगळं असेल. म्हणूनच दुसऱ्याचा सल्ला घेण्याआधी स्वतःचे तीस डाव तरी असे लिहून काढा. इंजिन नंतर लावा. आधी स्वतः शोधा की डाव कुठे फिरला. इंजिन उत्तर सांगतं, पण तुम्ही तेव्हा काय विचार करत होतात हे त्याला माहीत नसतं.

घड्याळाचं बजेट

दहा मिनिटांचा डाव घेऊ. म्हणजे ६०० सेकंद. माझा खर्चाचा आराखडा असा:

पहिल्या दहा चालींना ६० सेकंद. इथे ओळखीचं ओपनिंग हवं. पांढऱ्यासाठी एक, काळ्यासाठी दोन, बस. लंडन सिस्टिम, इटालियन, कारो-कान, जे आवडेल ते. पण दर आठवड्याला नवीन नको. प्रत्येक नवीन ओपनिंग म्हणजे साठा परत शून्यावर.

पुढच्या वीस चालींना ४०० सेकंद. सरासरी वीस सेकंद, पण समान वाटायचे नाहीत. साध्या चालींना पाच-सात सेकंद, आणि डावात ज्या तीन-चार जागा खरंच महत्त्वाच्या असतात तिथे बाकीचा वेळ. त्या जागा ओळखायच्या कशा? सोंगट्यांची मारामारी सुरू होणार असेल, राजासमोरचं प्यादं हलणार असेल, किंवा प्रतिस्पर्ध्याची चाल बघून "हे काय?" असं वाटलं असेल, तर थांबा.

उरलेले १४० सेकंद शेवटासाठी. त्यांना आधी हात लावायचा नाही. महिनाअखेरीसाठी बाजूला काढलेल्या पैशांसारखे.

आणि प्रत्येक चालीआधी तीन शब्द: शह, मार, धमकी. माझ्या या चालीनंतर समोरचा मला शह देऊ शकतो का? काही मारू शकतो का? कशाला धमकावू शकतो का? सुरुवातीला याला सहा-सात सेकंद लागतात आणि कंटाळा येतो. काही आठवड्यांनी एक-दीड सेकंदात होतं. बघा, हीच ती "विचार करावा न लागणारी" गोष्ट. पण ती तीन मिनिटांच्या डावात रुजत नाही, कारण तिथे ते सहा सेकंद परवडतच नाहीत. म्हणून सराव दहा मिनिटांत आणि परीक्षा तीन मिनिटांत.

नोकरीवाल्यांचं वेळापत्रक

दिवसाला चाळीस मिनिटं धरतो. त्याहून जास्त मागणारा सल्ला आपल्या उपयोगाचा नाही.

पहिली पंधरा मिनिटं कोडी. एका वेळी एकच प्रकार: हा आठवडा घोड्याचा दुहेरी हल्ला, पुढचा आठवडा पिन. चुकलेली कोडी बाजूला ठेवायची आणि पुढच्या आठवड्यात तीच परत सोडवायची. नवीन शंभर कोड्यांपेक्षा तीच तीस कोडी तीनदा सोडवणं जास्त कामाचं, कारण आपल्याला ओळख पक्की करायची आहे.

हे ट्रेनमध्ये छान होतं. चर्नी रोड ते दादर उभ्यानं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात फोन. डाव मात्र ट्रेनमध्ये खेळू नका. दहा मिनिटांचा डाव वीस मिनिटं चालू शकतो, मधेच नेटवर्क जातं, आणि दादर आलं की उतरायचं की वजीर वाचवायचा हा निर्णय तुमच्या हातात नसतो, मागची गर्दी तो घेते!

पुढची वीस मिनिटं एक डाव. एकच. शेवटची पाच मिनिटं त्या डावाची एक ओळ शीटमध्ये.

रविवारी अर्धा तास एंडगेम. राजा-वजीर विरुद्ध राजा, राजा-हत्ती विरुद्ध राजा, आणि राजा-प्यादं विरुद्ध राजा. लिचेसवर यासाठी सरावाचा विभाग आहे, फुकट. पहिल्या दोन माता अर्ध्या मिनिटाच्या आत जमेपर्यंत करायच्या. माझ्या मित्राला यासाठी तीन रविवार लागले.

आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री ब्लिट्झ, मनसोक्त. फक्त एक नियम: सलग दोन हरलात की फोन खाली. तिसरा डाव आपण खेळायला म्हणून खेळत नाही, गेलेले गुण वसूल करायला खेळतो. तिथे खेळ संपलेला असतो आणि जुगारासारखं काहीतरी सुरू झालेलं असतं. रात्री एक वाजता हा नियम पाळणं अवघड आहे, म्हणून तो संध्याकाळीच स्वतःला सांगून ठेवा.

गिरगावची एक गोष्ट

आमच्या गिरगावात बुद्धिबळाचा विषय निघाला की खाडिलकर भगिनींचं नाव येणारच. वासंती, जयश्री आणि रोहिणी. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या मुली. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी यांनी विजेतेपदं घरातच ठेवली. १९८१ मध्ये रोहिणी हैदराबादला आशियाई विजेती झाली.

ना इंजिन, ना कोडी सोडवायचं अ‍ॅप. पण एक गोष्ट होती जी आपल्याकडे सहसा नसते: तोडीस तोड खेळणारी माणसं घरातच. डाव संपला की समोरचा गायब होत नाही. तो विचारू शकतो, "तू घोडा तिकडे का नेलास?" ऑनलाइन आपण हेच गमावतो. हरलो की पुढचा डाव एका बटणावर असतो, आणि मागच्या डावाबद्दल बोलायला कुणीच नसतं.

म्हणून एक माणूस शोधा. ऑफिसमधला, सोसायटीतला, शाळेतला जुना मित्र. आठवड्यातून एक डाव त्याच्याशी, आणि डावानंतर दहा मिनिटं गप्पा. लालबागच्या मित्रानं हे सुरू केलं. आता रविवारी गॅलरीत पट मांडतो, समोर त्याचा शेजारी असतो, कधी मी. रेटिंग विचाराल तर हळूहळू वर सरकतंय, मधेच घसरतंय, परत सरकतंय. अ‍ॅप काढून टाकायचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

दोन आठवड्यांचा गृहपाठ

शेवटी एवढंच करा. पुढचे चौदा दिवस तीन मिनिटांचे डाव बंद. रोज दहा मिनिटांचा एक डाव, "शह, मार, धमकी" प्रत्येक चालीला, आणि डावानंतर एक ओळ. पंधराव्या दिवशी त्या चौदा ओळी एकत्र वाचा. कोणता ढीग सर्वात मोठा आहे ते दिसेल. पुढचा महिना फक्त त्याच ढिगावर काम करा.

वयाचं म्हणाल, तर तिशीत कुणी आपल्याला विश्वविजेते व्हायला सांगत नाहीये. पण ११५० वरून पुढे जायला वय आड येत नाही, सवय येते. आणि सवय बदलता येते.

तुमच्या शीटमधला सगळ्यात मोठा ढीग कोणता निघाला ते नक्की कळवा. पुढच्या भागात एंडगेमवर बोलू. तोपर्यंत खेळत राहा, आणि जमलं तर बाराच्या आत झोपा!